रिअ‍ॅक्शनची ऑर्डर काढायची कशी: इनिशियल रेट की ग्राफ?

रेट लॉ, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग (रेट) कॉन्सन्ट्रेशनवर कसा अवलंबून आहे ते सूत्र, आयताच दिला असेल तर निवडायचं काहीच नाही, कॉन्सन्ट्रेशन्सवरचे घातांक बघा, बेरीज करा, ती बेरीज म्हणजेच ऑर्डर, झालं. नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजनच्या रिअ‍ॅक्शनला रेट = के [एनओ]²[एचटू] (के म्हणजे रेट कॉन्स्टंट), म्हणजे ऑर्डर ३. समीकरणात दोघांपुढे २ आहे म्हणून ४ लिहिणारे बरेच भेटतात. पण ते आकडे ऑर्डर ठरवत नाहीत, डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनातही पुढे २ असतो आणि ऑर्डर येते १.

खरी निवड करावी लागते डेटा समोर आल्यावर.

टेबलमध्ये वेगवेगळी सुरुवातीची कॉन्सन्ट्रेशन्स आणि त्यांचे रेट असतील तर सरळ इनिशियल रेट. ज्यात एकच गोष्ट बदललीय अशा दोन ओळी शोधायच्या, कॉन्सन्ट्रेशन दुप्पट केल्यावर रेट दुप्पट झाला तर १, चौपट झाला तर २, आणि हललाच नाही तर ०. नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडच्या रिअ‍ॅक्शनमध्ये, साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या खाली, मोनॉक्साइड कितीही वाढवा, रेट ढिम्म. दोन-तीन रिअ‍ॅक्टंट असले की मला हीच पद्धत बरी वाटते, पेपरात तर पटकन होते. लॅबमध्ये मात्र वैताग, कारण दरवेळी नवीन मिक्स्चर करा आणि अगदी सुरुवातीचाच उतार पकडा, जो नीट पकडणं अवघड.

ग्राफला एकच रन पुरतो. वेळेसमोर नुसतं कॉन्सन्ट्रेशन काढून सरळ रेघ आली तर शून्य, त्याचा लॉग घेऊन आली तर पहिली, १ भागिले कॉन्सन्ट्रेशन घेऊन आली तर दुसरी. पण इथे एक गोम आहे जी फारसं कोणी सांगत नाही, रिअ‍ॅक्शन १०-१५ टक्केच झालेली असताना थांबलात तर तिन्ही ग्राफ सरळच दिसतात आणि मग तुम्ही म्हणाल ती ऑर्डर! निदान ७५ टक्के तरी होऊ द्या. शिवाय एखादी गोष्ट भरमसाट असेल तर तिची ऑर्डर ग्राफमध्ये दिसतच नाही, मिथाइल अ‍ॅसिटेटच्या प्रॅक्टिकलमधलं पाणी तसंच, म्हणून तर ती स्यूडो फर्स्ट ऑर्डर, म्हणजे नुसती दिसायला पहिली.

हाफ लाइफ, म्हणजे रिअ‍ॅक्टंट निम्मा संपायला लागणारा वेळ, मी फक्त पडताळायला वापरतो. सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन दुप्पट केल्यावर हाफ लाइफ दुप्पट झाली तर शून्य, तेवढीच राहिली तर पहिली, निम्मी झाली तर दुसरी.

आणि एमसीक्यूमध्ये के चं युनिट दिलं असेल तर यातलं काहीच करत बसू नका, नुसतं 'प्रति सेकंद' असेल तर पहिली, 'लिटर प्रति मोल प्रति सेकंद' असेल तर दुसरी, पुढचा प्रश्न घ्या.