जांबुवंतराव धोटेंवरची रविवारची पायी सफर: पेपरवेट भरपूर, मतपेटी कमी

नागपुरात राहूनही ज्यांना विधानभवन फक्त डिसेंबरातल्या ट्रॅफिकमुळेच माहीत आहे त्यांनी ही सफर एकदा कराच, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची कुरकुर वाचून कोणी बुकिंग कॅन्सल करायचा. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क पोह्याचा आहे, खोटं कशाला बोलू.

तर सफर म्हणजे काय, एक राज्यशास्त्र शिकणारा पोट्टा आहे, रविवारी सकाळी झिरो माईल मेट्रो स्टेशनच्या खाली भेटतो आणि दहा-बारा जणांना घेऊन सिव्हिल लाइन्स ते व्हरायटी चौक पायी फिरवतो, विषय एकच, विदर्भवीर भाऊ जांबुवंतराव धोटे. पाच वेळा आमदार, दोनदा नागपूरचे खासदार, वेगळ्या विदर्भासाठी आयुष्यभर ओरडलेला माणूस, ती दाढी, तो आवाज. आमच्या ग्रुपात कॉलेजची पोरं होती, पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं आणि एक रिटायर्ड काका होते ज्यांना गाइडपेक्षा जास्त माहीत होतं (असे एक काका प्रत्येक ग्रुपात असतातच, पण हे खरंच कामाचे निघाले).

सुरुवात जबरदस्त. विधानभवनाच्या गेटबाहेरच उभं राहावं लागतं, आत सोडत नाहीत, पण पोराने तिथे उभ्याउभ्या जे सांगितलं ते शाळेत दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. नागपूर सीपी अँड बेरारची, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडची, राजधानी होतं, ही इमारत त्याच काळातली, मग १९५३ चा नागपूर करार, म्हणजे विदर्भाला मराठी राज्यात आणायचा पुढाऱ्यांचा समझोता, १९५५ मध्ये राज्यं नव्याने आखणाऱ्या फाजल अली आयोगाने स्पष्ट म्हटलं की विदर्भाचं वेगळं राज्य करा, तरी १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि राजधानीपण गेलं, १९६० पासून महाराष्ट्रात आणि बदल्यात काय तर दरवर्षी एक हिवाळी अधिवेशन. हे सगळं फटाफट, तारखांसकट आणि रडगाणं न गाता. बापूजी अणेंचा मुद्दा तर मला फारच आवडला, म्हणजे वणीचे अणे १९६२ ला नागपुरातून विदर्भाच्याच मुद्द्यावर अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि त्याच वर्षी इकडे यवतमाळात एक व्यायाम शिकवणारा तरुण मास्तर पहिल्यांदा आमदार झाला, तोच धोटे. एक म्हातारा उतरणीला, एक पैलवान चढणीला, जिल्हा एकच. इथवर पाचपैकी पाच.

आणि मग पेपरवेट आला.

१९६४ ची गोष्ट, बहुतेकांनी ऐकलेली असेल, सभागृहात अध्यक्ष बाळासाहेब भारदेंच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि सदस्यत्व गेलं. पोराने पाण्याची बाटली हातात घेऊन पूर्ण ॲक्शन करून दाखवली, दोनदा, कारण पुण्याच्या ताईंना व्हिडिओ काढायचा होता. बरं करून राहिला होता तो, आवाजही बराच जमतो त्याला, लोक हसले, टाळ्या पडल्या. पण पुढच्या प्रत्येक थांब्यावर पुन्हा पेपरवेटच, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पेपरवेट, व्हरायटी चौकात पेपरवेट, अरे भाऊ त्या माणसाने आयुष्यात आणखीही काही केलं असेल का नाही! सगळ्यात महत्त्वाचं तर एका वाक्यात उडवलं, की सदस्यत्व गेल्यावर पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यालाच परत निवडून पाठवलं. माझ्या मते खरी स्टोरी तिथे सुरू होते. फेकणारे खूप असतात, फेकल्यावर निवडून येणारे किती असतात? यवतमाळच्या लोकांना त्या फेकण्यात काय दिसलं, कापसाचा भाव दिसला, मुंबईवरचा राग दिसला, का आपला मास्तर दिसला, यावर दहा मिनिटं बोलला असता तर मी जास्तीचे पैसे दिले असते.

कृषी विद्यापीठाच्या आंदोलनावरही थोडक्यात आटोपलं. राहुरीला विद्यापीठ झालं आणि विदर्भाला का नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले, धोटे पुढे होते, गोळीबारात माणसं गेली आणि १९६९ च्या ऑक्टोबरात अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे या माणसाच्या ओरडण्यातून हाताला लागलेली, आजही चालू असलेली एक वस्तू कोणती तर ही. मोबाइलवर एक जुना फोटो दाखवून चला पुढे, असं नको होतं.

१९७१ मात्र काकांनी वाचवलं. त्या वर्षी इंदिराबाईंची काय लाट होती, महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसच्या, आणि उरलेल्या तिघांतला एक म्हणजे नागपूरचा फॉरवर्ड ब्लॉकवाला (सुभाषबाबूंनी काढलेला पक्ष) धोटे. काका म्हणाले, "तेव्हा नागपुरात हा बाहेरचा होता बरं का, यवतमाळवाला, तरी पोट्टे सायकलवर त्याच्या मागे फिरत. माझा बाप काँग्रेसचा, मी धोटेचा, घरात महिनाभर जेवताना कोणी बोलत नव्हतं." गाइड हे फोनमध्ये टाइप करून घेत होता, त्याबद्दल त्याचं कौतुक आहे, पुढच्या बॅचला मिळेल हे.

आता जिथे माझं खरं जमलं नाही ते सांगतो. ज्या इंदिरा लाटेला हरवून हा माणूस दिल्लीत गेला, त्याच इंदिरा काँग्रेसकडून तो १९८० ला त्याच नागपुरातून खासदार झाला. हे कसं झालं? मी विचारलं, तर पोरगा म्हणे राजकारणात चालतं सर. अरे, चालतं म्हणूनच विचारतोय ना! १९७७ ला सगळीकडे काँग्रेस आडवी झाली तेव्हाही विदर्भ तिच्यासोबत उभा होता, १९७८ ला इंदिरा काँग्रेसला इथे भरभरून मतं पडली, विदर्भातले नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले, म्हणजे ज्याला विदर्भ पाहिजे त्याला विदर्भातले मतदार जिकडे गेले तिकडे जावंच लागलं असेल, असं तरी म्हणा. किंवा सत्तेशिवाय राज्य मिळत नाही हे कळलं म्हणा. किंवा सरळ संधिसाधू म्हणा, मी भांडणार नाही, पण काहीतरी म्हणा. भक्त असल्यासारखं तिथे गप्प बसणं बरं नाही, माझे तर पैसे त्याच उत्तरासाठी होते. आणि दिल्लीत सत्तेच्या बाकावर बसूनही विदर्भ राज्य आलं नाही ते नाहीच, हेही तोंडातून निघालं नाही त्याच्या.

जाता जाता एक भन्नाट गोष्ट त्याच्या स्क्रिप्टमध्ये नाही म्हणून इथे लिहून ठेवतो, गाइड भाऊ, वाचत असशील तर घेऊन टाक. पंजाचं चिन्ह इंदिरा काँग्रेसने १९७८ मध्ये घेतलं, पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत हात हे चिन्ह कोणाकडे होतं माहीत आहे का, फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे, आणि रुईकर म्हणजे आपल्या नागपूरचेच कामगार नेते. फॉरवर्ड ब्लॉकचा धोटे पंजावर निवडून आला यात ही अशी गंमत आहे, आणि ती सांगायला नागपूरइतकी बरी जागा कुठे मिळेल.

१९८० नंतरचं सगळं पोहे येईपर्यंत गुंडाळलं. १९८४ ला नागपूरची सीट बनवारीलाल पुरोहितांकडे गेली, २००२ ला भाऊंनी विदर्भ जनता काँग्रेस काढली, १८ फेब्रुवारी २०१७ ला यवतमाळात गेले, झालं. वीस-तीस वर्षं एक माणूस तेच मागत राहतो आणि सभेला येणारे लोक मतदानाला येत नाहीत, हा भाग दुखरा आहे हे मान्य, पण गोवारी समाजाच्या मोर्चात गेलेल्यांच्या स्मारकापाशी गाइड किती नीट बोलला होता, १९९४ चे ११४ मृत्यू, मोर्चा कुठे अडवला, चेंगराचेंगरी कशी झाली, एकही जोक नाही, सगळे गप्प ऐकत होते. म्हणजे येतं त्याला. पेपरवेट खाली ठेवला की येतं.

बाकी कामाचं: माइक नाही, सिव्हिल लाइन्समध्ये ठीक आहे पण सीताबर्डीत रविवारीसुद्धा काही ऐकू येत नाही, पुढे पुढे राहा. गुडघे दुखणाऱ्या काकूंना बसायला मधे कुठेच जागा नाही, हे त्याने बघायला पाहिजे. आमदार निवास रूटमध्ये नाही, मला ते हवं होतं. मे महिन्यात चुकूनही बुक करू नका, सकाळी आठलाच डोकं तापतं. शेवटचा तर्री पोहा पैशातच धरलेला आहे, तर्री दुसऱ्यांदा मागितली तरी तोंड वाकडं करत नाहीत.