बोगदा की बोट: दुर्मीळ ससे मोटारीने खाडीपार नेताना

थ्रियांटा या डच जातीच्या सशांची जोडी मोटारीने नेदरलँड्सहून इंग्लंडला आणू पाहणारे एक ससेपालक फ्रान्समधील कॅले बंदराहून पुढे इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून मोटारी वाहून नेणारी शटल रेल्वेगाडी घ्यावी की इंग्लंडमधील डोव्हर बंदराला जाणारी बोट, या पेचात आहेत.

माझ्या मते पहिला निकष उष्णतेचा असावा. सशाला घाम जवळजवळ येत नाही, तो अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान 25 अंशांच्या पुढे 30 कडे सरकू लागले की त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. बोगद्यातील प्रवास सुमारे 35 मिनिटांचा असतो आणि प्रवासी मोटारीतच बसून राहतात, त्यामुळे ससा धापा टाकू लागला तर ते लगेच लक्षात येते. बोटीला सुमारे दीड तास लागतो; तेवढा वेळ मोटारींचा मजला प्रवाशांसाठी बंद असतो, इंजिनाबरोबर वातानुकूलनही थांबते आणि प्राण्यांकडे पाहायला कोणी नसते. हा फरक मला सर्वांत गंभीर वाटतो.

खर्चात बोट बहुधा स्वस्त पडते. कागदपत्रांचे नियम मार्गानुसार बदलत नाहीत. मात्र ससे विक्रीसाठी असतील तर ते घरच्या पाळीव प्राण्यांच्या सवलतीत बसत नाहीत. ससे स्वीकारले जातात का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. पिंजऱ्यात सुके गवत दोन्हीकडे सतत हवेच, कारण उपाशी सशाचे आतडे मंदावते.

उन्हाळ्यात, किंवा गाभण मादी अथवा लहान पिल्ले सोबत असताना, बोगदाच घ्यावा. थंडीच्या दिवसांत निरोगी, प्रवासाला सरावलेले प्रौढ ससे रात्रीच्या बोटीने नेण्यास हरकत नाही.