समितीपुढच्या पालकांसाठी पीएचक्यू-९ की एसआरक्यू-२०?

बालकल्याण समितीपुढे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) आलेल्या पालकांच्या मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणी कोणत्या प्रश्नावलीने करावी, असं एका समाजसेविकेने विचारलं. पीएचक्यू-९ आणि एसआरक्यू-२० या दोन्ही प्रश्नावल्या मोफत, आत्महत्येच्या विचारांवर प्रश्न दोन्हींत आहे.

पीएचक्यू-९ नैराश्यापुरती. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, हे चार पर्यायांतून निवडायचं. कमी शिकलेली आई तिथेच अडखळते. मात्र ० ते २७ गुणांमुळे उपचारानंतरचा फरक कळतो. जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२० नुसतं हो-नाही विचारते आणि डोकेदुखी, भीतीही टिपते. मूल जाईल या धास्तीतली बाई डोकं दुखतं म्हणून पटकन सांगते, उदास वाटतं म्हणत नाही. व्यसन दोन्हींत सुटतं; ते वेगळं विचारा.

पहिल्या भेटीत, वाचून दाखवायला एसआरक्यू. उपचारांच्या पाठपुराव्याला पीएचक्यू. गुण जास्त आले तर डॉक्टरांकडे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी १४४१६ वर जोडून द्या. मूल काढून घ्यायचा पुरावा म्हणून हे गुण कधीच वापरू नका.