खोक्यावरचे आठशे वॉट

आधी एक कबुली देऊन टाकते. ज्या ब्लोअरबद्दल हे लिहितेय, त्याला मीच पाच स्टार दिले होते. तेही तो एकदाही चालवून न बघता.

माझी नेमणूक हिशेब विभागातली. पण एकदा कुणाचा तरी अडकलेला प्रिंटर सोडवून दिला आणि तेव्हापासून ऑफिसातले २२ कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले. त्यातले तीन-चार दुपारच्या वेळी आपोआप बंद व्हायला लागले. कॅबिनेट उघडलं, तर प्रोसेसरच्या फॅनखाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर धुळीची चक्क घोंगडी विणलेली. ब्रशने वरवरची निघाली, फटींतली तशीच राहिली. हवेचे स्प्रे डबे मिळतात तेही वापरून पाहिले. पण थोडा वेळ सलग मारलं की डबा गार पडून त्याचा जोर जातो, तिरपा धरला तर गोठवणारं द्रव बाहेर येतं, आणि पुष्कळ डब्यांतला वायू पेट घेणारा असतो. २२ यंत्रांचं काम त्यावर होण्यासारखं नव्हतं.

नेमकी तेव्हाच ती जाहिरात दिसली. हातात मावणारा, बिनवायरचा ब्लोअर. एक झोत मारला की कॅबिनेटमधून धुळीचा लोट, आणि आतला फॅन भिंगरीसारखा गरगरतोय. आता तो व्हिडिओ पाहिला की माझं मलाच हसू येतं. ती धूळ नव्हतीच, वरून भुरभुरवलेली पावडर होती. तोंडाने फुंकली असती तरी उडाली असती. खरी धूळ तेलकट, केसाळ, चिकटून बसलेली असते. आणि फॅन तसा मोकळा फिरू देणं म्हणजे तर कहर. झोताने तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. बोटाने पातं धरून ठेवायचं असतं. हे विकणाऱ्याने आयुष्यात एकही कॅबिनेट साफ केलेलं नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात उघड दिसत होतं. मी मात्र लोटाकडे बघत बसले.

खोक्यात यंत्राबरोबर एक रंगीत कार्ड निघालं. फोटोसकट पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, जादा नोझलचा सेट मोफत मिळवा. यंत्र चार्जिंगला लावलं होतं, हात रिकामे होते. खोक्याचा छानसा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘दमदार हवा!’ नोझल आले. लाच घेतली तीही प्लास्टिकच्या चार नळ्यांची.

चालवला तेव्हा आवाज खरोखर दमदार होता. टेबलावरच्या कागदांची पळापळ झाली. घोंगडी जागची हलली नाही. चौथ्या मिनिटाला आवाज बसला आणि सहाव्याला सगळं शांत.

तक्रार केली तर विक्रेत्याकडून लगेच उत्तर. इतकं लगेच की मला बरंच वाटलं. “मॅडम, नवीन बॅटरी आहे, तीनदा पूर्ण चार्ज करून पूर्ण संपवा, मग पॉवर उघडते.” तेही केलं. “मॅडम, बारीक नोझल लावून बघा.” लावला. “मॅडम, व्हिडिओ पाठवा.” पाठवला. “टेक्निकल टीमकडे दिलाय.” या गोडगोड बोलण्यात परत करायची मुदत टळली, आणि दुसऱ्या दिवशीच भाषा बदलली: वापरलेला माल परत घेतला जात नाही, पण रिव्ह्यू आहे तसा ठेवणार असाल तर थोडे पैसे परत देऊ. पाठवलेला प्रत्येक सल्ला फक्त दिवस खाण्यासाठी होता, हे तेव्हा डोक्यात शिरलं. म्हणून सांगते, वस्तू पहिल्या संध्याकाळी कमी पडली तर पहिल्याच संध्याकाळी रिटर्न टाका. सल्ले नंतर ऐका.

माझा खरा राग मात्र माझ्यावरच आहे, कारण आकडे हा माझा रोजचा धंदा. खोक्यावर लिहिलं होतं: ८०० वॉट, ३० मिनिटं चालेल, चार्जिंग ५ व्होल्ट २ ॲम्पिअर, ३ तासांत फुल. आता बघा. ५ गुणिले २ म्हणजे १० वॉट. ३ तासांत आत जाणार फार तर ३० वॉट-तास. आणि ८०० वॉट अर्धा तास चालवायला लागतात ४००. तीस जमा, चारशे खर्च! असलं व्हाउचर समोर आलं असतं तर मी सही केली असती का? आत ३० वॉट-तास गेले तरी ८०० वॉटची मोटर सव्वादोन मिनिटांत ते संपवेल. खोक्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला खोटं पाडलं होतं, आणि दोन्ही बाजूंचे फोटो विकत घेण्याआधी माझ्यासमोर होते.

मुदत गेलीच होती, म्हणून स्क्रू काढले. (लिथियम सेल असतात, सवय नसेल तर या भानगडीत पडू नका.) आत दोन सेल, एकेकावर १५०० मिलीॲम्पिअर-तास. सेलच्या व्होल्टेजने गुणलं तर दोन्ही मिळून ११ वॉट-तास. मोटर खेळण्यातल्या गाडीत असते तशी, ब्रशवाली, म्हणजे आत घासत राहणाऱ्या तुकड्यांमधून वीज घेणारी. बाहेर छापलेलं ‘१,३०,००० आरपीएम’, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, तिला बापजन्मात गाठता आलं नसतं. तसा चांगल्या ब्रशलेस (असे घासणारे तुकडे नसलेल्या) मोटरींचा वेग एक लाखाच्या वर जातो, तेव्हा आकडाच अशक्य असं नाही. पण आरपीएम म्हणजे हवा नव्हे. मिनिटाला किती हवा बाहेर पडते, ते या खोक्यावर कुठेच नव्हतं.

मधल्या काळात चिडून एका मित्राचा रंगकामाचा कॉम्प्रेसर आणला. जोर म्हणाल तर भरपूर. सुदैवाने आधी टाकीखालचा ड्रेन उघडला आणि तांबूस पाणी भळाभळा वाहिलं. हवा दाबली की तापते, टाकीत निवते आणि बाष्पाचं पाणी तळाशी साचतं. तेलाचा पंप असेल तर तेलाचे बारीक थेंबही येतात. ओलावा अडवणारा फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर नसेल तर हे सगळं मदरबोर्डवर. परत देऊन आले.

शेवटी वायरचा, वेग कमी-जास्त करता येणारा साधा ब्लोअर घेतला. जड आहे, कर्कश आहे. यंत्राची वायर काढायची, व्हरांड्यात न्यायचं, तोंडाला मास्क, फॅन बोटाने धरायचा आणि लांबून, कमी वेगावर सुरुवात. घोंगडी सुटी होऊन बाहेर पडली, तेव्हा कुणीही व्हिडिओ काढत नव्हतं.

मग रिव्ह्यू बदलायला गेले. तर त्या पानावर ब्लोअर नाहीच. त्याच जागी आता दाढीचा ट्रिमर विकायला आहे. जुने रिव्ह्यू सगळे शाबूत, स्टारांसकट. ‘दमदार हवा!’ सुद्धा, फोटोसकट. मी खरा अनुभव सविस्तर लिहून पाठवला. दोन दिवसांनी तो नाकारल्याचं कळवलं गेलं. कारण दिलं होतं: मजकूर वस्तूशी संबंधित नाही.