अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा इंग्लिश प्रोग्रॅम: एजंटला २ स्टार, इंग्लिश सेंटरला ४

धाकट्या भावाला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्रॅमला पाठवून आता आठ महिने होत आलेत. तेव्हापासून ओळखीतले चारपाच जण विचारून गेले की एजंट कसा होता, पैसे किती घेतले, पुढे मास्टर्सला घेतात का खरंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एजंटचं नाव देत नाहीये, युनिव्हर्सिटीचंही नाही.

आधी चांगलं सांगते. कागदपत्रांच्या बाबतीत एजंटचं ऑफिस खरंच चोख होतं. बँकेची पत्रं, मार्कशीट, पासपोर्टच्या कॉप्या सगळं एकदाच मागितलं, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या नाहीत, रात्री मेसेज केला तरी सकाळी उत्तर यायचं. दोन स्टार त्याचेच.

पण तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "अभिनंदन, मास्टर्सला ऍडमिशन झालं, आधी फक्त थोडं इंग्लिश करायचंय." घरी सगळे खूश, आईने तर नातेवाईकांना फोनही केले. मग आय-२० आला (युनिव्हर्सिटीने दिलेला, व्हिसाला लागणारा प्रवेशाचा फॉर्म), मी तो शांतपणे वाचायला घेतला, आणि एज्युकेशन लेव्हलच्या खाली छापलेलं होतं 'लँग्वेज ट्रेनिंग'. मास्टर्सचं नाव कुठेच नाही! पोटात गोळाच आला. व्हिसा इंटरव्ह्यू नऊ दिवसांवर आणि हा पोरगा तिथे जाऊन सांगणार होता की मी मास्टर्सला चाललोय.

मग वाचत बसले तेव्हा कळलं की यात युनिव्हर्सिटीची काही चूक नव्हती. इंग्लिश कमी पडतंय म्हणून अट घालून ऍडमिशन दिलेल्या मुलाला थेट डिग्रीचा आय-२० देता येत नाही, तसं तिथल्या सरकारने जुलै २०१६ मध्ये स्पष्टच केलंय. म्हणजे आधी इंग्लिशचा आय-२०, ते पूर्ण झालं आणि बाकीच्या अटी बसल्या की मग डिग्रीचा नवीन. सोबत जे पत्र आलं होतं ते सुद्धा नीट वाचलं तर एवढंच म्हणत होतं की शेवटची लेव्हल पास झालास तर टोफेल ही इंग्लिशची परीक्षा लागणार नाही, डिपार्टमेंटच्या मार्कांच्या अटी वेगळ्या. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तेच ते हो, सगळ्यांचं असंच असतं." तेच ते नाहीये. एका कागदावर मुलगा मास्टर्सचा विद्यार्थी असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

अजून एक गोष्ट मला फार लागली. सहा महिन्यांनी इंटर्नशिप करता येईल असं त्याला सांगितलं होतं आणि तो त्या भरवशावर खर्चाचा हिशोब मांडून बसला होता. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर फक्त इंग्लिश शिकणाऱ्या मुलांना सीपीटी, ओपीटी (अभ्यासाशी जोडलेलं काम करायची परवानगी) काहीच मिळत नाही, हा नियमच आहे. कर्ज काढून जाणाऱ्या घराला ही गोष्ट आधी कळायलाच पाहिजे.

पैशांचं म्हणाल तर काउन्सेलिंग फुकट होतं, आणि ते फुकट का असतं हेही समजून घ्या. युनिव्हर्सिटी एजंटला फीमधून कमिशन देते. अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तिथल्या मुलांच्या भरतीवर असं कमिशन द्यायला १९९२ पासून बंदी आहे, पण देशाबाहेर राहणाऱ्या परदेशी मुलांच्या बाबतीत सूट आहे. कमिशन घेतात म्हणून माणूस वाईट असं मी म्हणत नाही, त्यालाही घर चालवायचंय, पण जिथे करार आहे तीच युनिव्हर्सिटी तो आधी दाखवणार. आम्हाला तीनच दाखवल्या, चौथीचं नाव काढलं की विषय बदलायचा. एआयआरसी म्हणून २००८ पासून एक संस्था आहे, ती एजन्सी तपासून सर्टिफिकेट देते, मी हे आधी बघायला हवं होतं. आणि सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी ऑनलाइन थेट सरकारला भरता येते, आमच्याकडून ती 'पॅकेज'मध्ये जास्तीची घेतली.

आता इंग्लिश सेंटरबद्दल, कारण खरे आभार त्यांचे मानायचेत. घाबरून मी सेंटरला थेट मेल केला. दुसऱ्या दिवशी तिथल्या रिक्रूटमेंट बघणाऱ्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावला आणि मला बाजूला बसवून भावाशीच बोलल्या, हळू हळू, अडखळला तरी थांबून. वीस मिनिटांनी म्हणाल्या की अंदाजे तिसऱ्या लेव्हलला बसेल, पक्कं काय ते इथे आल्यावर प्लेसमेंट टेस्टमध्ये ठरेल, सहा लेव्हल आहेत, एकेक आठ आठवड्यांची, आणि कुणी नापास झालं तर तीच लेव्हल पुन्हा, फीसकट. हे शेवटचं एजंट कधीच बोलला नव्हता. आठवड्याला २० तास वर्ग (नियमाने कमीत कमी १८ लागतातच), व्हिसा नाकारला तर कुठली फी परत आणि कुठली नाही, सगळं मेलवर लेखी दिलं. सेंटर युनिव्हर्सिटीचंच आहे का बाहेरच्या कंपनीचं, मान्यता कुणाची, हे विचारलं तर न चिडता सांगितलं. २०१० च्या कायद्यानंतर इंग्लिश प्रोग्रॅमला मान्यता असल्याशिवाय आय-२० देताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्न बिनधास्त विचारा.

इंटरव्ह्यूला तो जे खरं आहे तेच बोलला, आधी इंग्लिश, मग मास्टर्सचा प्रयत्न, आणि व्हिसा झाला.

एक स्टार कापला तो वर्गामुळे. सुरुवातीला त्याच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं एकाच भाषेची होती, ब्रेकमध्ये इंग्लिश कुणी बोलायचंच नाही आणि हा एकटा पडायचा. तक्रार केल्यावर त्याला कॉन्व्हर्सेशन पार्टनर दिला, तेव्हापासून बरं चाललंय. आता सहावी लेव्हल सुरू आहे, मार्कांच्या अटीचं डिपार्टमेंटशी त्याचं त्यानेच बोलणं चालू आहे, मेल पाठवायच्या आधी मला दाखवायचा तो आता पाठवून झाल्यावर दाखवतो.