चौदा लिटरचा आईसबॉक्स: ऑक्टोबरच्या दोन द्राक्षछाटण्या वापरल्यानंतर

मिरजेत सर्जिकल सामानाच्या दुकानात गेले, चौदा लिटरचा आईसबॉक्स दाखवा म्हटलं. मालकांनी विचारलं, "लस न्यायचीय का मासे?" म्हटलं, "लघवी." ते जरा थांबले. किंमत 1,900 लिहिलेली होती, 1,850 घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. तसेही निळी पेटी, पांढरं झाकण, बाजूला प्लास्टिकची कडी असे तीन-चार प्रकार दिसतात आणि सगळे एकमेकांची भावंडं वाटतात.

मी पर्यावरणीय आरोग्य विषयात पीएचडी करतेय. तासगाव आणि कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या माणसांच्या अंगात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक किती जातं, हा विषय. छाटणीनंतर पाऊस लागला की वेलीवर डाऊनी ही बुरशी येते आणि डाऊनी आली की ती पिवळट पावडर बाहेर निघते. मॅन्कोझेब शरीरात गेलं की त्याचं ईटीयू नावाचं द्रव्य होतं. थायरॉईडला त्रास देणारं तेच, आणि ते लघवीतून बाहेर पडतं. म्हणून फवारणीच्या आधीचा एक नमुना आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीचा एक. बाटली तशीच उन्हात राहिली तर आत जंतू वाढतात आणि नमुना वाया. म्हणजे सगळा खेळ गावातून मिरजेच्या डीप फ्रीजरपर्यंत बाटली थंड नेण्याचा. फळछाटणी वर्षातून एकदाच. हंगाम हुकला की माझं वर्ष गेलं. पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, बाईमाणसाला दोन वाढीव मिळतात हे खरं, पण ती काय आईसबॉक्सवर घालवायला नाहीत.

पेटीवर स्टिकर आहे, '48 तास थंड'. कुणाचे 48 तास, देव जाणे. मे महिन्यात पोर्चमध्ये ठेवून बघितलं. आत चार जेल पॅक, वीस बाटल्या साधं पाणी भरून, आणि वायरवाला थर्मामीटर. मला 2 ते 8 अंशांत हवं होतं. सकाळी 6 ला 4 अंश. दुपारी 1 ला 6. साडेतीनला 8 ओलांडले, संध्याकाळी 6 ला 12. म्हणजे दर अर्ध्या तासाला झाकण उघडत, भर मेमध्ये, साडेनऊ तास. बागेत मी नेमकं हेच करते, म्हणून हाच आकडा खरा धरा. नोव्हेंबरात त्याहून बरा निघतो. माझ्या कामाला पुरतो, त्यामुळे त्या स्टिकरबद्दल मी भांडायला गेले नाही.

पहिल्या हंगामात मी जो गाढवपणा केला तो पेटीच्या माथी मारत नाही. जेल पॅक डीप फ्रीजरमधून काढले आणि तसेच दगडासारखे बाटल्यांना चिकटवून ठेवले. मिरजेत येऊन झाकण उघडलं तर कडेच्या दोन बाटल्या गोठलेल्या, एकीला तडा. मी गळ्यापर्यंत भरून घेतल्या होत्या, गोठल्यावर जागा कुठे राहणार. वर बॉलपेनने लिहिलेला नंबर पुसून निळा ओघळ झालेला. कोणत्या दादांचा तो नमुना, हे शेवटी वहीत कोण उरलंय ते बघून काढावं लागलं, आणि तरी तो मी बाद धरला.

गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना हे सांगितलं तर त्या हसल्या. "अहो मॅडम, पॅकला घाम येऊ द्यायचा आधी." लसीकरणाला त्या रोज हेच करतात. बर्फाचा पॅक बाहेर काढून ठेवायचा, वर पाणी सुटलं की कानाशी धरून हलवायचा. आत खळखळ ऐकू आली की मगच पेटीत. त्यांनी माझ्याच कानाशी धरून दाखवला. आम्ही कोर्सवर्कमध्ये नमुने साठवण्यावर अख्खं युनिट शिकलो, त्यात खळखळ नव्हती. माझे जेलचे पॅक पाण्याच्या पॅकइतके खळखळत नाहीत, थोडं मऊ लागायला लागले की चालतात. त्यानंतर एकही बाटली गोठली नाही. बाटली पाऊण भरते आणि नंबर पेन्सिलीने घालते, हेही तेव्हापासून.

पॅक गोठवायचे कुठे, हा प्रश्न कुठल्याच पेटीबरोबर सोडवून मिळत नाही. आमच्या घरी सांगलीत एकच फ्रीज, आणि त्यावर आईचं राज्य. "त्या पेटीतलं काय बी माझ्या फ्रीजात न्हाई." म्हटलं, अगं बाटल्या नाही, नुसते पॅक. "पॅक कुठं जाऊन येत्यात मला म्हाईत हाय." शेवटी तह झाला: दोन पिशव्यांत गुंडाळून, बर्फाच्या खणात डावीकडे, आणि वाटाण्याचं पाकीट उजवीकडे. जेआरएफ म्हणजे सरकारी संशोधनवृत्ती असलेल्यांना महिना 37,000 मिळतात, ते बहुधा वेगळा फ्रीज घेत असतील. मी तासिका तत्त्वावर शिकवते.

आता पेटीचा एक गुण, जो जाहिरातीत नाही: ती बसायला फार चांगली आहे. पहाटे सहाला कुणाच्या दारात गेलं की खुर्ची शोधायला घरातल्यांची धावपळ होते, ती वाचते. एकदा एक बागायतदार तात्या बसले, सत्तर-पंचाहत्तर किलोंचे, झाकण हललंसुद्धा नाही. संमतीपत्रक मी मराठीत वाचून दाखवत होते. सही म्हटल्यावर ते म्हणाले, "ह्यानं सातबाऱ्यावर बोजा चढत न्हाई न्हवं?" नाही म्हटलं. मग रिपोर्टमुळे माल रिजेक्ट होईल का, हे विचारलं. 2010 साली युरोपनं आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशावरून अडवली होती, ते या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. तुमचं नाव कुठेच जात नाही, फक्त नंबर जातो, हे तीनदा सांगितल्यावर त्यांनी चष्मा मागवला. सही करता करता म्हणाले, "मण्याची तपासणी किलोला 0.01 मिलिग्रॅमपर्यंत करत्यात. फवारणाऱ्याचं आजपतूर कुणी इचारलं न्हाई. तुम्ही पयल्या." आणि लगेच, "शुगर बी बघा की त्यात." शुगर माझ्या अभ्यासात नाही. क्रिएटिनिन आहे, लघवीत एरवीही असणारं द्रव्य, कारण कमी पाणी पिणाऱ्याची लघवी घट्ट असते आणि ईटीयूचा आकडा उगाच फुगतो, तो क्रिएटिनिनशी ताडून घ्यावा लागतो. हे समजावत बसले तोवर चहा आला.

त्याच पेटीवर बसून तात्यांनी पेस्टची गोष्टही सांगितली. छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. एका गड्याने दिवसभर पेस्ट लावली आणि रात्री घेतली. तोंड लालबुंद, छातीत धडधड, रात्रभर दवाखान्यात. सगळ्यांना वाटलं दारू खराब. दारू बरी होती. सायनामाईड अंगात असेल तर दारूचं पचन अर्ध्यावर अडतं आणि नेमकं हेच होतं. डब्याच्या लेबलवर ते छापलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. दुसऱ्या हंगामात घातला.

तक्रार एकच, पण जबर. कडी. उजव्या बाजूची कडी सहाव्या की सातव्या फेरीला स्पीडब्रेकरवर तुटली. गाडीच्या पायाशी पेटी, आत अठरा बाटल्या. झाकण उडालं नाही, कारण वर माझी ओढणी बांधलेली होती, ती केवळ योगायोगाने. दुकानात गेले तर कडी वेगळी मिळत नाही, नवी पेटी घ्या म्हणाले. 1,850 ची पेटी आणि तिच्यात वीस रुपयांचं प्लास्टिक, ही कुठली अक्कल? दुसरी बारीक तक्रार म्हणजे रंग. निळी पेटी आणि पांढरं झाकण बघून पोरं "कुल्फी आली" म्हणत मागे लागतात. एसटीत कंडक्टरनी एकदा विचारलं, "मॅडम, पोलिओ का?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पुढची सीट रिकामी झाली असती.

थर्माकोलची पेटी दीडशेला मिळते, ती घ्यावी का? एका मैत्रिणीने घेतली. थंडावा जवळपास तेवढाच धरते, पण धुता येत नाही. एक बाटली सांडली की वास कायमचा आणि पेटी फेकायची. ही निळी मी दर फेरीला साबणाने धुते, उन्हात उलटी घालते, दोन हंगामांत वास नाही. थर्मामीटर वेगळा घ्यावा लागतो, तोही घ्याच. नाहीतर गाईडनी "तापमानाची नोंद कुठाय?" विचारलं की वहीत काय दाखवणार.

पाचपैकी साडेतीन. कडी चांगली असती तर साडेचार दिले असते. घेणार असाल तर पहिल्याच दिवशी सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा पट्टा कापून आणा आणि झाकणावरून आडवा घाला. माझ्याकडून त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत, फक्त विचारलं, आत काय असतं.