आयकॉनची टिकटिक आणि दोन डबे: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

इंजिनाची टिकटिक घालवायला लिक्वी मोली कंपनीचं इंजिन फ्लश (आतली घाण धुणारं) आणि त्याच कंपनीचं हायड्रॉलिक लिफ्टर ॲडिटिव्ह (तेलात मिसळायचं) असे ३०० मिलीचे दोन डबे मी आमच्या जुन्या फोर्ड आयकॉनला वापरले. त्याला आता चौदा महिने आणि साधारण नऊ हजार किलोमीटर झाले. टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायला बसले असते तर पैसे पाण्यात गेले असंच लिहिलं असतं. म्हणून मुद्दाम थांबले.

गाडी २००६ ची, १.३ फ्लेअर, एमएच-११ पासिंगची. अण्णांनी नवी घेतली, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंगही करून आणली. डोळ्यांमुळे त्यांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हापासून मीच चालवते. ओगलेवाडीत घर, कराडात माझं मेडिकल, म्हणजे रोजचं पळणं थोडंच. लॉकडाऊनमध्ये तर ती महिनोन्महिने दारात उभी होती. किलोमीटर होत नाहीत, मग तेल कशाला बदलायचं, असं करत दोन वर्षं निघून गेली. औषधासारखी तेलालाही मुदत असते. गाडी उभी राहिली तरी आत ओल धरते, तेल खराब होतं. त्यातच एका पेट्रोल पंपावर कुणीतरी सांगितलं की जुन्या इंजिनला जाड तेल टाका, आवाज दबेल. टाकलं. आवाज दबला नाहीच, सकाळी जास्तच वाजायला लागला.

थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टिक-टिक-टिक, एकसारखी. रेस दिली की वेग वाढायचा. आधी दोन मिनिटं टिकायची, मग दहा, शेवटी मेडिकलपर्यंत साथ द्यायची. अण्णा ओट्यावरून म्हणायचे, "टॅपेट वाजतंय गं, दाखवून घे."

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून, दहा सेकंद ऐकून सांगितलं की हेड उतरवायचं, आठही लिफ्टर (व्हॉल्व्हची फट भरणारे छोटे भाग) बदलायचे, मजुरीसकट चौदा हजार. ऑइलची डिपस्टिकसुद्धा ओढून पाहिली नाही. याचा मला अजून राग येतो. डिपस्टिक मी घरी येऊन स्वतः पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली!

मग अण्णांच्या ओळखीच्या चाचांकडे गेले. कोल्हापूर नाक्याजवळ दोन गाड्या मावतील एवढं त्यांचं गॅरेज. त्यांनी आधी तेल खुणेपर्यंत भरलं आणि गाडी चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. एकेक सिलिंडर ऐकत गेले. मग मूठ माझ्या हातात दिली. "ताई, इथे ऐका, आणि आता इथे." पहिल्यावर नुसती घरघर होती. दुसऱ्यावर टोक ठेवलं आणि कानात कुणी नखाने टिचकी मारावी तसा आवाज आला. स्वच्छ, कोरडा, एका सेकंदात सहा-सात वेळा. इंजिन आठशेच्या आसपास फिरत होतं. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिनिटाला चारशे वेळा उघडतो. हिशेब बरोबर जुळला.

मग त्यांनी जे समजावलं, ते कुठलाही डबा घेण्याआधी प्रत्येकाला माहीत असायला हवं. फोर्डच्या या रोकॅम इंजिनात टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) स्क्रूने लावायची नसते. प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक छोटा हायड्रॉलिक लिफ्टर असतो. त्याच्या आत पिस्टन, स्प्रिंग आणि एक गोळीचा व्हॉल्व्ह. इंजिनाचं तेल दाबाने आत शिरतं, पिस्टन वर येतो आणि फट आपोआप भरून निघते. तेल शिरायची वाट बारीक असते. जुन्या तेलाचा चिकट थर तिथे बसला की लिफ्टर पूर्ण भरत नाही, फट राहते आणि तीच वाजते. तेल कमी असलं तर तेलाचा पंप हवा ओढतो, तरीही वाजते. जाड तेल थंडीत तिथे उशिरा पोहोचतं, म्हणजे पंपावरचा सल्ला नेमका उलटा होता.

आमच्या शेजारच्या सरांना माझं ऐकून त्यांच्या जुन्या होंडा सिटीसाठी हाच डबा घ्यायचा होता. मी त्यांना थांबवलं. त्या इंजिनात टॅपेट स्क्रूचे आहेत, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून सेटिंग करावं लागतं, तिथे बाटलीतलं काही उपयोगाचं नाही. त्यांनी सेटिंग करून घेतलं, आवाज गेला. आणि बाईकमध्ये तर हे ओतूच नका. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू शकतो.

फ्लश टाकण्याआधी चाचांनी तेल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत पाहिलं, बोट फिरवलं. आत तपकिरी थर होता, चहाच्या भांड्याला बसतो तसा, पण पातळ. "जेली असती तर मी हे टाकलं नसतं," ते म्हणाले. घट्ट गाळ असेल तर फ्लशने त्याचे तुकडे सुटतात, चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातल्या) जाळीत अडकतात, पंपाला तेल मिळत नाही आणि चौदा हजारांच्या ऐवजी अख्खं इंजिन जातं. तसं असेल तर आधी चेंबर उतरवून साफ करायचं. डब्यावर हे ठळक अक्षरात छापायला हवं, असं मला वाटतं. या उत्पादनाबद्दल माझी सगळ्यात मोठी सूचना हीच.

बाकी काम सोपं. गाडी गरम करून आणली, जुन्या तेलातच फ्लशचा डबा ओतला आणि पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली. या वेळात गाडी चालवायची नाही, रेस द्यायची नाही, कारण तेल पातळ झालेलं असतं. मग चेंबरचा नट काढला. तेल इतकं काळं आणि पाण्यासारखं पातळ आलं की चाचांनी पूर्ण अर्धा तास निथळू दिलं. नवा फिल्टर, आणि मॅन्युअलमध्ये आहे त्या ग्रेडचं नवं तेल. फिल्टर जुनाच ठेवला तर सुटलेली घाण तिथेच राहते, त्यात काटकसर करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. टिक-टिक-टिक. तशीच! मला रडू यायचं बाकी होतं. अण्णा म्हणाले, "थोडं पळू दे तिला."

आठवड्याने दुसरा डबा, लिफ्टरचा, टाकला. हा काढायचा नसतो, तेलातच राहतो, आणि एक डबा सहा लिटर तेलापर्यंत चालतो. तेल आधीच वरच्या खुणेपर्यंत असेल तर ३०० मिली आणखी ओतू नका. आम्ही तेल भरतानाच तेवढी जागा ठेवली होती. मग रोज घर ते दुकान एवढंच न करता तिला मुद्दाम लांब नेलं. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि परत. घाट चढताना इंजिन चांगलं तापलं. परतीला पाटणला चहासाठी थांबलो आणि पुन्हा चालू केली, तर आवाज नव्हता. मी बॉनेट उघडून खात्री केली, तरी नव्हता.

सकाळचा आवाज मात्र हळूहळू उतरला. दहा मिनिटांवरून तीन, मग एक, आणि सहाशे-सातशे किलोमीटर झाल्यावर चार-पाच सेकंद. तेल नेहमीपेक्षा लवकर काळं पडलं. चाचांच्या मते आतली घाण तेलात उतरत होती, म्हणून अडीच हजार किलोमीटरलाच पुन्हा तेल आणि फिल्टर बदलला. या दुसऱ्या बदलाने जितका फरक पडला तितका एकट्या फ्लशने पडला नव्हता. टॉर्चने आत पाहिलं तर तपकिरी थराखालून धातू दिसायला लागला होता.

खर्च सांगते. फ्लश मला साडेसहाशेला पडलं, लिफ्टरचा डबा हजाराच्या आसपास. दोन वेळचं तेल, फिल्टर आणि मजुरी धरून साडेसहा हजार. चौदा हजारांपेक्षा कमी, पण "एका डब्यात काम" असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. कोल्हापूरच्या ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून डबे घेतले. झाकणाचं सील माझ्या डोळ्यांसमोर फोडलं.

डिसेंबरच्या थंडीत अजूनही तीन सेकंद वाजतं, त्याच दोन नंबरच्या सिलिंडरवर. तो एक लिफ्टर झिजला असावा असं चाचा म्हणतात, आणि झिजलेला भाग बाटलीतून भरून येत नाही. वाढला तर तेवढाच बदलू. घोड्याच्या टापेसारखा जड, खालून येणारा, चढावर वाढणारा आवाज असेल किंवा ऑइलची लाल लाईट लागत असेल, तर यातलं काहीही टाकू नका. गाडी बंद करा आणि टो करून न्या. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची (इंजिनाला जोडलेल्या पाइपाची) गॅस्केट गळत असली तरी थंडीत असंच टिकटिकतं, तेही आधी बघून घ्या.

लिफ्टरच्या डब्याला मी पाचपैकी चार देईन, फ्लशला तीन. पुढचं तेल १,२४,८०० किलोमीटरला आहे. तेव्हा नुसतं तेल आणि फिल्टर बदलणार, डबा नाही.